हरितपट्टा आणि हरकतीचा कागद

‘हरितपट्टा’ या शब्दात हिरवेपणा असला, तरी इंग्लंडच्या नियोजन कायद्यात तो जमिनीच्या रंगाविषयी, तिच्यावरील झाडोऱ्याविषयी किंवा तिच्या देखणेपणाविषयी काहीच सांगत नाही. शहराच्या कडेने नकाशावर आखलेली आणि जिच्या आत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मज्जाव असतो अशी हद्द, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या हद्दीत गव्हाची शेते, घोड्यांची कुरणे आणि ओकच्या राया येतात, तशीच मोडकळीला आलेली काचघरे, जुन्या खडीच्या खाणी आणि गोल्फची मैदानेही येतात. इंग्लंडच्या एकूण भूमीपैकी सुमारे साडेबारा टक्के, म्हणजे १६ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपासचे क्षेत्र या संरक्षणाखाली आहे. एकट्या लंडनभोवतीचा पट्टा ५ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा असून तो खुद्द लंडनच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून अधिक भरतो. या पट्ट्यात गृहप्रकल्प येऊ घातला की आसपासचे रहिवासी लेखी हरकत नोंदवतात, आणि त्यांपैकी पुष्कळ हरकती पहिल्याच वाक्यात वाट चुकतात, कारण जमीन किती सुंदर आहे हे त्या सांगू लागतात, तर निर्णय घेणाऱ्याला हवे असते ते ही जमीन कोणते काम करते याचे उत्तर. हरकतीचे वजन या एका फरकावर अवलंबून असते, आणि तो समजण्यासाठी हा पट्टा मुळात कशासाठी आखला गेला हे पाहावे लागते.

संसदेत लघुलेखकाचे काम करणाऱ्या एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ‘उद्याननगरा’ची कल्पना मांडली. त्या नगराची लोकसंख्या मर्यादित असावी आणि त्याभोवती शेतीचा कायमस्वरूपी पट्टा असावा, म्हणजे वाढ झाली तरी ती पट्टा ओलांडून दुसऱ्या नगराच्या रूपाने व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. १९०३ मध्ये लेचवर्थ येथे या कल्पनेला मूर्त रूप मिळू लागले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मात्र लंडन रेल्वेमार्गांच्या आणि नव्या रस्त्यांच्या कडेने फितीसारखे लांबत गेले. ही वाढ रोखण्यासाठी लंडन काउंटी कौन्सिलने १९३५ मध्ये, हर्बर्ट मॉरिसन तिचे नेते असताना, आसपासच्या स्थानिक संस्थांना मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी अनुदान देण्याची योजना आणली आणि १९३८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पण लंडनभोवतीची सारी जमीन विकत घेणे कोणत्याही तिजोरीला परवडणारे नव्हते. हा तिढा १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने सोडवला. जमिनीची मालकी खासगीच राहिली, पण तिच्यावर बांधण्याचा हक्क मालकीपासून वेगळा काढून सार्वजनिक परवानगीच्या अधीन करण्यात आला. जमीन विकत न घेताही ती मोकळी ठेवणे तेव्हापासून शक्य झाले, आणि १९५५ मध्ये गृहनिर्माण मंत्री डंकन सँडिस यांनी परिपत्रक काढून देशभरातील स्थानिक संस्थांना असे पट्टे आखण्याचे आवाहन केले.

१९४७ च्या या तोडग्याचा एक परिणाम सामान्य वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. हरितपट्ट्यातील बहुतेक जमीन खासगी असल्यामुळे जनतेला तेथे, सार्वजनिक पाऊलवाटा सोडल्या तर, पाय ठेवण्याचाही हक्क नसतो. म्हणून ‘आमचे फिरण्याचे मैदान जाईल’ ही हरकत पुष्कळदा वस्तुस्थितीलाच धरून नसते.

सँडिस यांच्या परिपत्रकात हरितपट्ट्याचे तीन हेतू सांगितले होते : मोठ्या शहराची अनिर्बंध वाढ रोखणे, शेजारची नगरे एकमेकांत मिसळू न देणे आणि एखाद्या नगराचे वैशिष्ट्यपूर्ण स्वरूप जपणे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यॉर्क ही तिसऱ्या हेतूची ठळक उदाहरणे होत. पुढे १९८० च्या दशकात त्यांत दोन हेतूंची भर पडली. ग्रामीण भागावर होणारे अतिक्रमण थोपवणे हा एक, आणि शहरातील पडीक जमिनीच्या पुनर्वापराला चालना देणे हा दुसरा. हे पाचही हेतू आज राष्ट्रीय नियोजन धोरणाच्या चौकटीत, म्हणजे ज्या दस्तऐवजाच्या आधारे इंग्लंडमधील प्रत्येक नियोजन संस्थेला निर्णय घ्यावे लागतात त्यात, समाविष्ट आहेत. या पाचांच्या मुळाशी असलेले तत्त्व म्हणजे जमीन कायम मोकळी ठेवणे. हा ‘मोकळेपणा’ म्हणजे नेमके काय, यावर बरेच वाद झाले आहेत. यॉर्कशरमधील टॅडकास्टरजवळच्या एका दगडखाणीच्या विस्तारावरून झालेल्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे स्पष्ट केले, की मोकळेपणा ही शहरी पसरणीच्या विरुद्ध टोकाची संकल्पना असून तो केवळ डोळ्यांना काय दिसते यावर ठरत नाही; दृश्य परिणाम किती लक्षात घ्यायचा हा त्या-त्या प्रकरणी नियोजनकर्त्याच्या विवेकाचा भाग आहे. म्हणूनच झाडांच्या आड दडवलेली घरे कोणाला दिसणार नाहीत, हा विकासकाचा युक्तिवाद मोकळेपणाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर ठरत नाही. जेथे काहीच नव्हते तेथे दोनशे घरे उभी राहतात हे, ती दिसोत वा न दिसोत, उरतेच.

प्रकल्पाचा अर्ज दाखल झाला की स्थानिक नियोजन संस्था त्याची जाहीर सूचना देते. ही सूचना बहुधा शेताच्या फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या वेष्टनात बांधलेली एक साधी पानभर चिठ्ठी असते. तिच्यावर अर्जाचा क्रमांक, जागेचा पत्ता, प्रस्तावाचे एका ओळीतले वर्णन आणि हरकत कधीपर्यंत द्यायची ती तारीख छापलेली असते. मुदत किमान २१ दिवसांची असते, आणि पर्यावरणीय अहवाल जोडणे बंधनकारक असलेल्या मोठ्या प्रकल्पांसाठी ३० दिवसांची. हरकतीला शुल्क नसते, आणि हरकत घेणारा जमीनमालक, मतदार किंवा त्या देशाचा नागरिक असावा अशी अटही नसते. लंडनच्या कडेला हॅरो किंवा वॉटफर्डसारख्या भागांत राहणारे मराठी कुटुंबही इतरांइतक्याच अधिकाराने ती देऊ शकते. त्या एकओळी वर्णनामागे मात्र शेकडो पानांची कागदपत्रे असतात : वाहतुकीचा अभ्यास, पुराच्या धोक्याचे मूल्यमापन, भूदृश्यावरील परिणामांचा अहवाल, वटवाघळांची आणि पाणसरड्यांची पाहणी. तीन आठवड्यांत नोकरी सांभाळून ही पाने वाचणे हे सोपे काम नव्हे, आणि म्हणूनच जाणती रहिवासी मंडळे कागदपत्रे आपसांत वाटून घेतात व एकेकाने एकेक अहवाल पूर्ण वाचावा असे ठरवतात.

निर्णय घेताना कायद्याने फक्त ‘विचारार्ह बाबी’ पाहता येतात. जमिनीच्या वापराशी आणि सार्वजनिक हिताशी ज्यांचा संबंध आहे अशा बाबी, असा त्याचा अर्थ. आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य झाकले जाणे, आपल्या घराची किंमत उतरणे, विकासकाचा पूर्वेतिहास किंवा त्याला होणारा नफा या बाबी त्यात येत नाहीत, आणि त्यांच्यावर लिहिलेला मजकूर कितीही तळमळीचा असला तरी तो निर्णयाच्या तागडीत पडत नाही. समजा, एका हरकतीत असे लिहिले आहे : ‘या शेतावरचा सूर्यास्त आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, तो आता दिसणार नाही आणि आमच्या घरांचे मोल पडेल.’ दुसऱ्या हरकतीत लिहिले आहे : ‘दोन नगरांमध्ये आता फक्त ४०० मीटर मोकळी जागा उरली असून प्रस्तावित घरांमुळे ती ९० मीटरांवर येईल, उत्तरेकडील सार्वजनिक पाऊलवाटेच्या वळणावर उभे राहिल्यास आज एकाच नगराची छपरे दिसतात, प्रकल्पानंतर दोन्हींची सलग दिसतील, आणि अर्जासोबतच्या भूदृश्य अहवालात या जागेवरून काढलेले एकही छायाचित्र नाही.’ पहिल्या हरकतीतले दुःख खरे आहे, आणि ते क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. पण दुसरीने नगरे मिसळू न देण्याच्या हेतूवर थेट बोट ठेवले आहे, अंतर मोजून दिले आहे, कोणी जाऊन पडताळावी अशी जागा सांगितली आहे आणि विकासकाच्या अहवालातील उणीवही दाखवली आहे. अहवाल लिहिणाऱ्या नियोजन अधिकाऱ्याला तिला उत्तर द्यावेच लागते.

वाहतुकीच्या मुद्द्याचेही तसेच आहे. ‘गाड्या वाढतील’ या विधानाला अर्थ उरत नाही, कारण धोरणानुसार रस्त्याच्या कारणावरून परवानगी नाकारायची तर सुरक्षिततेवर अस्वीकार्य परिणाम होतो किंवा एकत्रित परिणाम गंभीर आहे असे दाखवावे लागते. शाळा सुटण्याच्या वेळी अमुक चौकात रांग कुठवर जाते आणि विकासकाने मोजणी शाळेच्या सुट्टीत केली होती, एवढे दाखवणारी हरकत पानभर संतापापेक्षा अधिक काम करते. एकच मजकूर छापून शंभर जणांनी सह्या केल्याने लोकमत दिसते खरे, परंतु विचारार्ह मुद्दा एकदा मांडला काय आणि शंभरदा काय, त्याचे नियोजनमूल्य तेच राहते.

हरितपट्ट्यातील घरबांधणी ही धोरणाच्या भाषेत सर्वसाधारणपणे ‘अनुचित विकास’ मानली जाते आणि ‘अतिविशेष परिस्थिती’ असल्याखेरीज तिला परवानगी देता येत नाही. ही परिस्थिती सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते, आणि पट्ट्याला होणारी हानी व इतर सर्व हानी यांच्यावर प्रकल्पाचे लाभ स्पष्टपणे मात करतात असे दिसले तरच ती सिद्ध झाली असे धरतात. या तराजूत हरितपट्ट्याच्या कोणत्याही हानीला भरीव वजन द्यावे, असे धोरणच सांगते. अनेक दशके हरकतदारांची ढाल हीच होती.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय धोरणात झालेल्या सुधारणेने या ढालीची जागा बदलली आहे, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेल्या हरकती आज जेथे सर्वाधिक फसतात ती जागा हीच. या सुधारणेने ‘ग्रे बेल्ट’, म्हणजे करडा पट्टा, ही नवी संज्ञा आणली. हरितपट्ट्यातील जमिनीवर पूर्वी बांधकाम झालेले असो वा नसो, शहराची पसरण रोखणे, नगरे मिसळू न देणे आणि ऐतिहासिक नगराचे स्वरूप जपणे या तीन हेतूंपैकी एकालाही जी जमीन भक्कम हातभार लावत नाही, ती या संज्ञेत मोडते. स्थानिक घरटंचाई, सोयीस्कर ठिकाण आणि इतर ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर अशा जमिनीवरील घरे ‘अनुचित’ ठरत नाहीत, आणि मग अतिविशेष परिस्थिती दाखवण्याची गरजच उरत नाही. येथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी, की हे तीन हेतू म्हणजे जवळजवळ १९५५ च्या परिपत्रकातलेच तीन होत; नंतर जोडलेला ग्रामीण भागावरील अतिक्रमणाचा हेतू करड्या पट्ट्याच्या व्याख्येत धरलेलाच नाही. सबब ‘हे निखळ शेत आहे, येथे कधी वीटही रचली गेलेली नाही’ हे वाक्य, जे कोणालाही सर्वांत प्रबळ वाटेल, ते आज एकटे पडले तर जमिनीला वाचवू शकत नाही. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारीतील मार्गदर्शक सूचनांनी मिसळणे रोखण्याचा हेतू नगरांपुरता आहे, खेड्यांना लागू नाही, असे स्पष्ट केल्यामुळे, दोन खेड्यांमधली मोकळी जागा भरून जाईल हा मुद्दाही पूर्वीइतका टिकत नाही. शेताच्या हिरवेपणाला इतके थोडे मोल देणारी ही व्याख्या अरुंद आहे आणि ग्रामीण भूमीच्या बाबतीत ती अन्यायकारक ठरू शकते, असे म्हणणे भाग आहे. परंतु धोरण बदलेपर्यंत हरकत त्याच व्याख्येच्या आत राहून लिहावी लागते.

या बदलामागील गरज खोटी नाही. सरकारने संसदेच्या चालू कार्यकाळात १५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि तरुण कुटुंबांना लंडनच्या परिसरात घर घेणे किती अवघड झाले आहे हे तेथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जी नियोजन संस्था पुढील पाच वर्षे पुरेल इतकी घरबांधणीयोग्य जमीन दाखवू शकत नाही, तिच्या क्षेत्रात तराजू घरांच्या बाजूला झुकतो. घरांची गरजच नाकारणारी हरकत म्हणूनच स्वतःचे नुकसान करून घेते. करड्या पट्ट्यातील मोठ्या प्रकल्पांना काही ‘सुवर्णनियम’ लागू आहेत, ज्यांनुसार परवडणाऱ्या घरांचे प्रमाण स्थानिक नियमापेक्षा १५ टक्केबिंदूंनी, पण एकूण ५० टक्क्यांच्या मर्यादेत, वाढवावे लागते आणि आवश्यक पायाभूत सुविधा व सर्वांना खुल्या हिरव्या जागाही द्याव्या लागतात. विकासकाने हे नियम खरोखर पाळले आहेत का, की दवाखाना आणि शाळा या गोष्टी नकाशावर केवळ ‘भविष्यातील जागा’ म्हणून रंगवल्या आहेत, याची तपासणी करणारी हरकत गरज मान्य करते आणि तरीही प्रकल्पाला खडसावून प्रश्न विचारते.

मोठा किंवा वादग्रस्त अर्ज निवडून आलेल्या सदस्यांच्या नियोजन समितीपुढे जातो आणि तेथे हरकतदारांच्या वतीने एखाद्याला, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटांच्या आसपास, बोलू दिले जाते. समितीने नकार दिला तर अर्जदार केंद्रीय नियोजन निरीक्षकांकडे अपील करू शकतो. समितीने परवानगी दिली तर हरकतदाराला असे अपील नाही. त्याच्यापुढे उरतो तो न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग, तोही सहा आठवड्यांच्या आत, आणि तेथे न्यायालय निर्णय शहाणपणाचा होता का हे पाहत नाही, तो कायदेशीर रीतीने घेतला गेला का एवढेच पाहते. ही विषमता इंग्लंडच्या नियोजन पद्धतीतील मोठा दोष आहे. तिची थोडी भरपाई अपिलाच्या जाहीर चौकशीत होते, कारण तेथे रहिवाशांच्या संघटनेला रीतसर पक्षकार म्हणून नोंदवून विकासकाच्या तज्ज्ञांची उलटतपासणी घेता येते. त्यासाठी लागणारा वकील आणि पुरावा मात्र तिला स्वतःच्या वर्गणीतून उभा करावा लागतो.

याहून अधिक परिणामकारक पायरी बरीच आधी येते. हरितपट्ट्याची हद्द बदलायची असेल तर ती स्थानिक विकास आराखड्यातच आणि ‘अपवादात्मक परिस्थिती’ दाखवूनच बदलता येते. त्या आराखड्याचे परीक्षण स्वतंत्र निरीक्षक करतो, आणि ज्याने लेखी निवेदन देऊन आराखड्यात बदल मागितला आहे त्याला निरीक्षकासमोर समक्ष बाजू मांडण्याचा कायदेशीर हक्क असतो. अर्जाच्या वेळी तीन मिनिटांसाठी रांग लावणाऱ्या नागरिकाला येथे निरीक्षकाच्या टेबलाशी खुर्ची मिळते. तरीही आराखड्याच्या वेळी सभागृहे रिकामी असतात, कारण तेव्हा दिव्याच्या खांबाला कोणी चिठ्ठी बांधलेली नसते आणि धोका फक्त नकाशावरच्या एका तुटक रेषेच्या रूपात असतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटावी, कारण इकडची नियोजन पद्धती त्याच वंशवेलीतली आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यावर ब्रिटनच्या १९०९ च्या नगर नियोजन कायद्याची छाप होती आणि आजचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. फरक असा, की येथे एकेका इमारतीच्या परवानगीवर लोकांची हरकत मागवली जात नाही. ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात त्या प्रारूप विकास आराखड्यावर, कलम २६ खाली, आणि मंजूर आराखड्यातील फेरबदलावर, कलम ३७ खाली. शेती किंवा हरित विभागातून जमीन निवासी विभागात घेण्याची सूचना राजपत्रात आणि वृत्तपत्राच्या जाहिरातींच्या पानावर गट क्रमांकांच्या रांगेत छापून येते, आणि तिची महिनाभराची मुदत टळली की नंतर जेसीबी आल्यावर विचारण्यासारखे फारसे उरत नाही. गोव्यात ‘चुकांची आणि विसंगतींची दुरुस्ती’ म्हणून एकेका भूखंडाचा विभाग बदलू देणाऱ्या तरतुदीला आव्हान दिले गेले, तेव्हा प्रादेशिक आराखडा अशाने तुकड्यातुकड्याने मोडला जातो हा याचिकाकर्त्यांचा मुख्य आक्षेप होता, आणि २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या तरतुदीखालील नियम रद्दबातल ठरवले.

वसईत ‘हरितपट्टा’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यामुळे तो घरोघरी पोहोचला, आणि मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ या काळासाठीच्या आराखड्याच्या मसुद्यावर वसईकरांनी मोठ्या संख्येने लेखी हरकती दिल्या. वसईच्या वाड्यांमध्ये बावखले असतात : केळीच्या आणि फुलांच्या वाडीत खणलेली गोड्या पाण्याची तळी, जी पावसाचे पाणी धरून ठेवतात, आसपासच्या विहिरी पाझराने भरतात आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरण्याला अटकाव करतात. भर घालून बुजवलेल्या बावखलावर इमारत उभी राहिली, तर शेजारच्या विहिरीचे पाणी मचूळ होण्याची भीती राहते, आणि हे नुकसान ना इमारतीच्या आराखड्यात मोजलेले असते ना प्रादेशिक आराखड्याच्या नकाशावर, कारण त्या प्रमाणात काढलेल्या नकाशावर बावखल दिसतच नाही. ते हरकतीच्या कागदावरच नोंदवावे लागते : सर्व्हे क्रमांकासह, वाडीच्या नावासह, त्याच्या पाझरावर किती विहिरी अवलंबून आहेत आणि चैत्र-वैशाखात त्यांत किती हात पाणी असते, याच्या आकड्यासह.